पतंगाचं मंगळसूत्र आणि हलव्याचा काटा

श्रोते हो, नमस्कार.

विमान कशाला म्हणायचं, याची आपल्या देशात एक कायदेशीर व्याख्या होती. १९३४ सालच्या विमान कायद्यातली. हा कायदा नव्वद वर्षं चालला. हवेच्या आधारावर आकाशात तरंगू शकेल असं कुठलंही साधन म्हणजे विमान, असा त्या व्याख्येचा अर्थ, आणि पुढे यादी दिलेली: बांधलेले फुगे, मोकळे फुगे, हवाई जहाजं, ग्लायडर. त्याच यादीत पतंगही होता! म्हणजे संक्रांतीला गच्चीच्या कठड्यापाशी उभं राहून, तोंडात तिळाची वडी धरून दोरा ओढणारं आठ वर्षांचं पोर हे कायद्याच्या भाषेत वैमानिकच म्हणायचं.

गंमत सोडून द्या, पण कायद्याचं काही चुकलं नव्हतं. दोन कामट्या आणि एक पातळ कागद यांच्यात हवेचं जे गणित भरलेलं आहे, ते विमानाच्या पंखातल्या गणिताचंच भावंड आहे. आज त्या गणिताबद्दल बोलू, आणि मग जरा स्वयंपाकघरातही डोकावू. संक्रांतीला गच्चीवर जेवढी कारागिरी चालते, तेवढीच शेगडीपाशीही चालते.

आधी तारखेचा घोळ मिटवून टाकू. आपले बहुतेक सण तिथीनं येतात, संक्रांत मात्र सूर्याच्या हिशेबानं येते. म्हणून ती दर वर्षी १४ जानेवारीला, असं आपण धरून चालतो. पण २०२४ साली ती १५ तारखेला झाली. का? सूर्याचा मकर राशीतला प्रवेश दर वर्षी सुमारे सहा तास नऊ मिनिटं उशिरा होतो. २०२४ साली तो १५ जानेवारीला पहाटे तीनच्या सुमारास झाला, २०२५ साली १४ ला सकाळी नऊच्या सुमारास, आणि २०२६ साली १४ लाच दुपारी तीननंतर. २०२७ साली तो १४ च्या रात्री नऊच्या पुढे जातो, म्हणून सण १५ ला. चार वर्षांत असे २४ तास आणि वर ३७ मिनिटं साठतात. लीप वर्षाचा जादा दिवस त्यातले २४ तास मागे ओढतो, ३७ मिनिटं तशीच शिल्लक राहतात. त्यात १८०० आणि १९०० ही सालं लीप नव्हती, तेव्हा संक्रांत एकदम एकेक दिवस पुढे सरकली. हा सगळा जमाखर्च मांडला की साधारण ७२ वर्षांत एक दिवस, असं उत्तर येतं.

स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला होता. तारीख होती १२ जानेवारी १८६३. आणि पानिपत? १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांवर 'संक्रांत कोसळली' असं आपण म्हणतो, आणि तो दिवस संक्रांतीचाच होता असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्या साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. लढाईची तारीख आणि आजच्या सणाची तारीख जुळली, एवढंच.

आता पतंग.

आपला चौकोनी पतंग हातात घ्या. मधली उभी काडी जाडसर आणि ताठ असते. आडवी कमान बारीक, तासून तासून लवचिक केलेली. दोन्ही बांबूच्याच, पण स्वभाव अगदी वेगळे. सगळी करामत या फरकात आहे. दोरा ताणलेला असतो तेव्हा वारा पतंगावर दाबतो, कमानीची दोन्ही टोकं मागे वाकतात आणि पतंगाचा आकार होडीच्या तळासारखा होतो. होडी जशी पाण्यात डुगडुगत नाही, तसा असा वाकलेला पतंग स्थिर राहतो आणि नाक ज्या दिशेला असेल तिकडे सरळ सुटतो. दोरा सैल सोडला की दाब जातो, कमान पुन्हा पसरते, पतंग सपाट होतो आणि सपाट झाला की गिरकी घेऊ लागतो. पतंग डावीकडे न्यायचाय? ढील द्या. तो फिरू लागेल. नाक डावीकडे आलं की खेचा. सरळ डावीकडे जाईल. पतंगाला ना सुकाणू, ना दुसरी दोरी. ढील आणि खेच, एवढ्या दोनच गोष्टींवर तो चालतो. नवशिक्याचं चुकतं ते इथेच. पतंग खाली यायला लागला की घाबरून तो जोरात ओढतो. नाक जमिनीकडे असतं, त्यामुळे पतंग आणखी वेगानं जमिनीकडे येतो. त्या वेळी करायचं असतं ते उलट: हात सैल सोडायचा, नाक वर फिरण्याची वाट बघायची आणि मग ओढायचं. खाली गच्चीवरून चार जण 'खेच, खेच' ओरडत असताना हे जमवणं अवघड असतं, ते सोडा.

हे सगळं नीट व्हायचं तर पतंगाला मंगळसूत्र नीट बांधलेलं हवं. कुठे त्याला कन्नी म्हणतात, कुठे सुत्तर. दोऱ्याचे दोन पाय असतात. वरचा पाय उभी काडी आणि कमान जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे बांधायचा. त्या फुलीच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं पाडायची आणि दोन्ही काड्या दोऱ्यात येतील अशी गाठ मारायची. खालचा पाय उभ्या काडीचा खालचा पाव भाग सोडून बांधायचा. तिथेही भोकं काडीच्या दोन बाजूंनाच. भोकं उदबत्तीच्या टोकानं पाडली तर कडा जरा जळून घट्ट होते आणि कागद पुढे फाटत नाही. खिळ्यानं पाडलेलं भोक वाऱ्यात चिरत जातं. मग दोन्ही पाय एकत्र धरून गाठ मारायची. वारा बेताचा असेल तर खालचा पाय वरच्यापेक्षा अर्धं बोट लांब ठेवला की काम भागतं.

या अर्ध्या बोटाला कमी लेखू नका. गाठ जितकी नाकाकडे सरकेल तितका पतंग वाऱ्यात आडवा होतो, ओढ कमी लागते, गिरक्या कमी होतात. जोराच्या वाऱ्यात हे बरं. गाठ खाली सरकली की पतंग वाऱ्याला छाती काढून उभा राहतो, हातात जड लागतो आणि जरा ढील दिली की भिरभिरतो. म्हणून पतंग सारखा गिरक्या खात असेल तर गाठ वर घ्या, आणि फिरायलाच तयार नसेल तर खाली. अर्धं बोटच. दोन बोटं सरकवली तर आधीचा दोष जाऊन नेमका उलटा दोष येतो.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे पतंग एकाच बाजूला कलतो. मंगळसूत्र धरून पतंग आडवा लोंबकळत ठेवा आणि कुठला पंख खाली जातो ते बघा. तो जड. हलक्या पंखाच्या टोकाला दोऱ्याची किंवा कागदाची छोटी गुंडाळी बांधली की तोल येतो. वजन दोन्ही बाजूंना सारखं असूनही कलत असेल तर कमानीची एक बाजू मऊ आहे. ती जास्त वाकते आणि तिकडची हवा निसटून जाते. असा पतंग दुरुस्त करत बसू नका, त्याला शेपटी लावून घरातल्या लहानाला द्या. शेपटीचा पतंग काटाकाटीला निरुपयोगी, पण तो पडत नाही, आणि पाच वर्षांच्या मुलाला तेवढंच हवं असतं.

वारा किती हवा? ताशी ८ ते १८ किलोमीटर. यंत्र नको, पिंपळाकडे बघा. पानं सतत सळसळत असतील आणि फांद्या स्थिर असतील तर वारा योग्य. फांद्या हलू लागल्या की कमान मोडण्याची तयारी ठेवा. उडवताना वारा पाठीवर घ्यायचा आणि दुसऱ्यानं पंधरा-वीस पावलं लांब उभं राहून पतंग नाक वर करून नुसता सोडायचा. पुष्कळ जण तो वर फेकतात. फेकलेला पतंग ढिला होतो, आणि ढिला झाला की फिरतो, हे आपण आत्ताच बघितलं.

जाता जाता एक अमेरिकेतली गोष्ट. १८४८ साली नायगारा नदीच्या खोल दरीवर झुलता पूल बांधायचा होता. पण पहिला दोर पलीकडे न्यायचा कसा? खाली पाण्याला भयंकर ओढ, होडी चालेना. मग पतंगाची स्पर्धा लावली. होमन वॉल्श नावाच्या मुलानं पतंग दरीपार नेला. त्या दोऱ्याला जरा जाड दोर बांधून ओढला, त्याला आणखी जाड, असं करत करत शेवटी तारेचा दोर पलीकडे पोचला. त्या पुलाची सुरुवात अशी एका पोराच्या पतंगानं झाली.

आता काटाकाटी. मांजा कशानं कापतो, असं विचारलं तर सगळे म्हणतील, काचेनं. अर्धं खरं आहे. दोन्ही मांज्यांना काच असते, मग एकच का कापला जातो? करवत आणि फळी आठवा. करवतीची सगळी लांबी कामाला लागते, फळीची एकच जागा घासली जाते. पेच पडला की ज्याचा दोरा वेगानं सरकतोय त्याचा मांजा करवत झाला. त्याच्या दोऱ्याचा क्षणोक्षणी नवा भाग पुढे येतो आणि झीज लांबवर वाटली जाते. ज्याचा हात थबकला त्याचा दोरा फळी झाला. म्हणून पेचात ढीलवाला सुद्धा जिंकतो आणि खेचणारा सुद्धा. हरतो तो मध्येच विचार करत थांबणारा. फिरकी धरणाऱ्याचं महत्त्व इथे कळतं. फिरकी क्षणभर अडकली की पतंग गेलाच. पुष्कळदा पतंग उडवणाऱ्यामुळे नाही, फिरकीवाल्यामुळे कटतो, आणि मग गच्चीवर जे ऐकू येतं ते रेडिओवर सांगण्याजोगं नसतं.

साधा सुती मांजा पूर्वी गल्लीतच सुतत. दोन खांबांमध्ये दोरा फेऱ्या घालून ताणायचा. भाताच्या खळीत रंग आणि वस्त्रगाळ काचपूड मिसळून लुगदी करायची आणि ती फडक्यात धरून दोऱ्यावरून चालत जायचं. खळ दाट झाली तर वाळल्यावर दोरा कडक होऊन मोडतो. पातळ झाली तर पूड झडते. पूड भरड राहिली तर दुसऱ्याआधी आपलाच दोरा चिरतो. आणि हवा दमट असेल तर मांजा वाळतच नाही, वाळलेला सुद्धा मऊ पडतो. आपल्याकडे पतंग जानेवारीच्या कोरड्या हवेत उडतात, त्यात या खळीचाही वाटा आहे. दिल्लीकर मात्र १५ ऑगस्टला, ऐन पावसाळ्यात उडवतात. लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आकाश भरतं.

नायलॉनचा मांजा ही गोष्ट वेगळी. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं त्याच्यावर देशभर बंदी घातली. कारण साधं आहे. सुती दोरा अडकला आणि ताण आला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, मग तो ज्याच्याभोवती अडकलाय ते कापलं जातं. दुचाकीवाल्याचा गळा, घारीचा पंख. शिवाय सुती दोरा उन्हापावसात कुजून जातो, नायलॉन झाडावर वर्षानुवर्षं लोंबत राहतो. दुकानात ओळखायचा तर वीतभर तुकडा घेऊन पेटवून बघा. सुती दोरा कागदासारखा जळून राख होते, नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. सुती मांजा वापरला तरी सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा पतंग उतरवून ठेवा. पक्षी घरट्यातून निघतात आणि परततात ते त्याच वेळी. दुचाकीवर त्या दोन-तीन दिवसांत गळ्याला जाड मफलर हवाच.

पतंगाचं गाव बघायचं असेल तर नाशिक जिल्ह्यातलं येवला बघा. पैठणीचं गाव ते हेच. इथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या रिकाम्या नसतात. बाकी महाराष्ट्रात फिरकी किंवा चक्री असते, येवल्यात असते आसारी. बांबूच्या कामट्यांचं हलकं मोठं चाक, मधून लांब दांडी. घेर मोठा असल्यानं एका फेऱ्यात पुष्कळ दोरा गुंडाळला जातो. गच्चीवर हलकडी हे वाद्य कडाडत असतं आणि पतंग कटला की आरोळी उठते, 'वक्काट!' मुंबईत गुजराती शेजारामुळे 'काय पो छे' रुळलं, नागपूरकडे 'ओ काट' ऐकू येतं. आरोळीवरून माणूस कुठला ते सांगता येतं, इतपत ही भाषा पक्की आहे.

आता गच्चीवरून खाली येऊ. शेगडीवर हलवा चाललाय.

संक्रांतीच्या हलव्याला काटा कुठून येतो? तो साच्यात पाडलेला नसतो, कोरलेला नसतो. तो वाढतो. एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालायचं, त्यानं मळी वर येते. ती काढून पाक गाळून घ्यायचा. पाक एकतारी हवा, म्हणजे दोन बोटांत धरून बोटं लांबवली की एक तार दिसली पाहिजे. जाड बुडाच्या कढईत भाजलेले तीळ घ्यायचे. खसखस, साबुदाणा, काकडीच्या बिया, काहीही चालतं. विस्तव अगदी मंद. अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलवत राहायचं. पाक सुकून दाणे मोकळे झाले, खुळखुळले, की पुन्हा अर्धा चमचा. पुन्हा हलवायचं. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढरे होतात, आणि इथेच पुष्कळ जणी कंटाळून सोडून देतात. काटा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतो. दाण्यावर जिथे साखरेचा जरासा उंचवटा आलाय तो भाग कढईला आणि पाकाला आधी लागतो, जास्त पाक उचलतो, म्हणून आणखी उंच होतो. असं होत होत उंचवट्याचा काटा होतो. पाक जास्त घातला तर खाचाही भरून निघतात आणि दाणा गुळगुळीत होतो, किंवा चार दाणे चिकटून ढेकूळ होतं. आच वाढली की पिवळेपणा येतो, आणि तो पुन्हा पांढरा होत नाही. कलथ्यानं ढवळलं की आलेले काटे मोडतात. म्हणून बोटांचीच टोकं. चटके बसतात, त्याला इलाज नाही.

या हलव्याचं एक भावंड जपानमध्ये आहे. त्याचं नाव कोंपेइतो. पोर्तुगीज भाषेत साखरेच्या गोळीला कोन्फेइतो म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. १५६९ साली लुईस फ्रोईस या पोर्तुगीज मिशनऱ्यानं ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला जे नजराणे दिले, त्यात काचेच्या बरणीतली ही साखर होती. कृती जवळजवळ आपलीच: तापलेली, फिरणारी तिरपी कढई, पळी-पळीनं पाक आणि आठवडा-दोन आठवडे धीर. तिच्यावरच्या टेंगळांचं कोडं तेरादा तोराहिको या जपानी भौतिकशास्त्रज्ञालाही पडलं होतं आणि त्यानं त्यावर लिहूनही ठेवलं. आपल्याकडे हा प्रश्न पिढ्यानपिढ्या बायकांनी बोटांनी सोडवला आणि त्याचे दागिने केले: नव्या सुनेला बिंदी, हार, बांगड्या, मंगळसूत्र, जावयाला हार आणि नारळ, बोरन्हाणातल्या बाळाला मुकुट आणि बासरी. ओवताना दाण्यात सुई घालू नका, दाणा फुटतो. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा आवळायचा.

तिळाच्या वडीचं मात्र एवढं अवघड नाही. पाव किलो तीळ, तेवढाच चिक्कीचा गूळ, वाटीभर दाण्याचं कूट, चमचाभर तूप. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा आणि गार झालेली गोळी ताटलीवर आपटायची. टणकन वाजली तर वडी खुटखुटीत होते. आवाजच आला नाही तर वडी दाताला चिकटणार. साधा गूळ वापरला तर ही परीक्षा सोडून द्या, त्याच्या मऊ वड्याच होतात.

दुसऱ्या दिवशी कर. त्या दिवशी शुभकार्य करत नाहीत, घरात बरेच जण मोकळे असतात. गच्चीवर, गॅलरीच्या कठड्याला, कुंपणाच्या तारेला अडकलेला दोरा गोळा करायला हा दिवस चांगला. नुसत्या हातानं ओढू नका, जुनी चामडी चप्पल किंवा जाड फडकं हातात धरा. विजेच्या तारेवर अडकलेला पतंग काठीनं काढायला जाऊ नका. काठी ओली असली किंवा मांज्यावर धातूची पूड असली तरी विजेला वाट मिळते. गोळा झालेल्या दोऱ्याचा गुंता तसाच कचऱ्यात गेला तर कावळ्यांच्या पायात जातो. कात्रीनं त्याचे बोटभर लांबीचे तुकडे करा, कागदात गुंडाळा आणि मग टाका. फिरकीवर उरलेला चांगला मांजा पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात ओल लागली तर पुढच्या संक्रांतीला खळ सुटून दोरा हातात नुसता रंग सोडेल.